शेजाऱ्याची संमती

मोहाडीत घर बांधताना गवंडी आधी की नकाशा आधी, हा प्रश्न फार वर्षं कुणाला पडलाच नव्हता. गवंडी येऊन चुन्याची फक्की मारायचा, घरची बाई उभी राहून चुलीची जागा दाखवायची, पाया खणला जायचा, आणि कागद काय तो सवडीने ग्रामपंचायतीतून यायचा. पुढे गावाची नगर पंचायत झाली. मग जागेची आखीव पत्रिका आणा, मोजणीचा नकाशा आणा, कर भरल्याची पावती जोडा, बांधकामाचा नकाशा काढून घ्या, एवढं सगळं एका फायलीत लावून दिल्याशिवाय विटेवर वीट ठेवायची सोय राहिली नाही. लोक कुरकुरले. आणि कुरकुरत ज्याच्या दारात येऊन बसले तो म्हणजे टेकचंद निमजे.

टेकचंद कोष्ट्याचा मुलगा. बाप आणि आजा मागावर बसले. याने मात्र आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि भंडाऱ्याला एका इंजिनिअरच्या ऑफिसात ट्रेसिंग पेपरवर रेघा ओढत उमेदीची वर्षं काढली. प्रिंट काढायच्या अमोनियाने त्याचे डोळे तेव्हा जे चुरचुरायला लागले ते कायमचेच. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा साहेबांनी हिशेब केला की नव्या जिल्ह्याला नव्या इमारती लागणार, आणि आपलं बिऱ्हाड तिकडे हलवलं. टेकचंदलाही चल म्हणाले. पण त्याची बायको शोभाताई मोहाडी सोडायला तयार होईना. झालं, टेकचंद आपला ड्रॉइंग बोर्ड एसटीच्या टपावर टाकून घरी परत आला. समोरच्या खोलीत बापाच्या मागाचा खड्डा होता, तो मुरमाने भरला, वर फरशी घातली आणि त्यावर टेबल मांडलं. कोष्टीपुऱ्यातली म्हातारी माणसं हळहळली. टेकचंदला मात्र हळहळायची सवय नव्हती, त्याला रेघ सरळ आली की समाधान वाटायचं.

माणूस कामाचा पक्का होता, यात वाद नाही. त्याने लावलेली फाईल त्रुटी निघून परत आली असं सहसा होत नसे. पण या कामाची एक खोड त्याच्या अंगात मुरली होती. नकाशावर माणसांना नावं नसतात. तिथे असतो अर्जदार, असतो लगतचा मालक, असतो शेजारी. टेकचंद नकाशावर तसं लिहायचा हे ठीक; पण हळूहळू तो तसंच बोलायला लागला. समोर सख्खा मेहुणा बसलेला असला तरी म्हणायचा, अर्जदाराने इथे सही करायची. शोभाताई हसून हसून बेजार व्हायची. एके दिवशी मलेही सदर इसम म्हणाल, असं तिने त्याला ऐकवलं होतं. तिच्या हसण्यामुळे तरी तो अधूनमधून भानावर यायचा. ती गेली आणि भानावर आणणारं कुणी राहिलं नाही.

शोभाताई गेली ती कावीळ होऊन, चार आठवड्यांच्या आत. मुलगी रंजिता भिलाईला दिलेली. तिने बाबांना तिकडे न्यायचा हट्ट धरला, पण टेकचंदने अर्धवट फायलींचं कारण सांगितलं, आणि ते कारण मग संपलंच नाही. रंजिता रविवारी फोन करायची. बाकी दिवस घरात टेकचंद, त्याचं टेबल आणि ती भिंत.

भिंतीबद्दल नीट सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे. टेकचंदचं घर आणि हेमराजचं घर यांच्या मधे एकच भिंत होती. दोघांच्या आजोबांनी मिळून घातलेली, मातीची, चांगली हातभर जाड. दोन्ही घरांची लाकडं तिच्यावर टेकलेली. भिंत आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती, वर छपराच्या कवेलूंखाली मोकळी फट होती आणि त्या फटीतून एका घरातला आवाज दुसऱ्या घरात असा यायचा जसा काही आपल्याच घरातल्या आतल्या खोलीतून येतो आहे. कोष्टीपुऱ्यात बहुतेक घरं अशीच. त्याचं कुणाला काही वाटत नसे.

हेमराज टेकचंदच्याच वयाचा, अजून मागावर बसणारा. बायको देवकाबाई, मुलगा कुंदन, सून दामिनी आणि नात गुड्डी. शोभाताई असताना टेकचंदला त्या घरातला आवाज म्हणजे कटकट वाटायची. ती गेल्यावर त्याच आवाजाने त्याला धरून ठेवलं. हेमराजचा माग सुरू झाला की हा टेबलाशी बसायचा. गुड्डी पाढे म्हणताना अडखळली की याच्या हातातली पेन्सिल थांबायची, आणि पुढचा आकडा तिला आठवला की मग याची रेघ पुढे जायची. हेमराजने काही विनोद केला तर हा इकडे तोंड मिटून हसायचा. देवकाबाई कुणावर तरी कडाडली तर पाय पसरून बसलेला टेकचंद नकळत सरळ बसायचा. त्याने हे कधी कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंच. पण खरं बोलायचं तर टेकचंद त्या घरात राहत होता, फक्त त्या घराला ते माहीत नव्हतं.

मग कुंदनने पक्कं घर बांधायचं काढलं. कवेलू दरसाल फिरवायचे, लाकडाला वाळवी लागलेली. त्याचं म्हणणं काही चूक नव्हतं. जुनं घर सगळं पाडून नवं उभं करायचं. ही बोलणी टेकचंदने फटीतून ऐकली. मधल्या भिंतीचं काय, हे कुणी बोलत नव्हतं. ते बोलतील म्हणून तो कान लावून राहिला, पण विषय निघाला की तिकडचे आवाज खाली जायचे.

नियम त्याला पाठ होता. नवं घर बांधताना बाजूला ठरलेली मोकळी जागा सोडायची. जुनी भिंत सामाईक ठेवून बांधायचं असेल तर शेजारच्या मालकाची लेखी संमती फायलीला लावायची. हा शेजारचा मालक म्हणजे टेकचंदच. म्हणजे भिंत दोघांची राहणार की नाही हे त्याच्या एका सहीवर होतं. कुणी म्हणेल, मग अडचण कुठे आहे? उठावं, शेजारी जावं, म्हणावं की घ्या माझी सही. पण कोष्टीपुऱ्याची रीत तशी नाही. संमती मागायला ज्याला हवी त्याने जायचं असतं, समोरच्याच्या ओसरीवर बसायचं असतं, पान खायचं असतं. न मागता कुणी संमती देऊ केली की लोकांना लगेच वास येतो, याचा काहीतरी मतलब आहे, उद्या हा जागेवर हक्क सांगेल. भिंतीवरून या पुऱ्यात दोन पिढ्या अबोला धरलेली घरं आहेत. टेकचंदने दुसऱ्यांच्या फायली लावताना ते सगळं पाहिलं होतं. म्हणून तो थांबला. हेमराज येईल, मागेल, मी लगेच हो म्हणेन, असं त्याने ठरवून टाकलं. एवढंच नव्हे तर पानपुडा आणून ठेवला.

हेमराज आला. पण एरवी काही हवं असलं की अंगणातून हाक मारणारा हेमराज धुतलेला सदरा घालून, कागदांची थैली काखेत मारून समोरच्या दाराने आला आणि गिऱ्हाईक बसतात त्या खुर्चीवर बसला. टेकचंदला वाटलं, हा शेजारी म्हणून आला नाही, गिऱ्हाईक म्हणून आला आहे. हेमराजला काय वाटलं ते नंतर कळलं. त्याच्या हिशेबाने टेकचंदच्या घरी येऊन बसणं म्हणजेच मागणं झालं होतं. आणखी वेगळं तोंड कशाला उघडायचं?

टेकचंदने कागद पाहिले, आखीव पत्रिकेवरचं क्षेत्र टिपलं, खोल्या किती हव्यात ते विचारलं. हेमराजने सांगितलं, कुंदनची खोली, आमची खोली, सैपाकघर, अन समोर माग बसला पाहिजे. मग टेकचंदने घसा साफ केला. आता विषय काढायचाच होता. पण घसा साफ केल्यावर तोंडातून जे आलं ते शेजारच्या माणसाचं नव्हे, नकाशावाल्याचं होतं.

"सामाईक भिंत ठेवायची असन तं शेजाऱ्याची संमती लागते. नाई तं अंतर सोडा लागते. अर्जदारानं ठरवाचं."

हेमराजला ते खटकलं. हा माणूस माझी संमती असं म्हणत नाही, शेजाऱ्याची म्हणतो. अर्जदार म्हणतो. आपण याच्या घरात बसलो आहोत, लहानपणी याच्यासोबत गाढवी तलावात डुंबलो आहोत, आणि हा आपल्याला नियम वाचून दाखवतो आहे. याला द्यायची नाही, पण तोंडावर नाही म्हणायचं नाही, असा त्याने अर्थ काढला. आणि काढला तो काही अगदीच वेड्यासारखा नव्हता.

"मंग सोडून टाका जागा," हेमराज म्हणाला. "कोनाले तरास कायले द्याचा."

टेकचंदच्या कानात ते वाक्य जाऊन बसलं. कुणाला त्रास कशाला. म्हणजे यांनाच माझा त्रास होत असणार, असं त्याला वाटलं. फटीतून आपलंही काही तिकडे जात असेल, हा एकटा माणूस सारखा कानाशी आहे म्हणून ते अवघडत असतील, म्हणूनच विषय निघाला की आवाज खाली जात होते. आता त्यांना मोकळं व्हायचं आहे. पानपुडा टेबलाच्या खणात तसाच राहिला. टेकचंद बरं म्हणाला आणि त्याने पट्टी हातात घेतली.

त्या नकाशावर तो आठवडाभर बसला. एरवी असलं घर तो दोन दिवसांत हातावेगळं करायचा. हेमराजची जागा मुळातच अरुंद, लांबलचक पट्टी. तिच्यातून बाजूची बोळ काढली की समोरची खोली एवढी निमुळती झाली की तिच्यात माग बसेना. त्याने जिना इकडे नेला, तिकडे नेला. माग बसेना तो बसेनाच. भिंत सामाईक धरली असती तर सगळं सरळ बसत होतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण ती गोष्ट आता आपण काढली तर ती आपल्यासाठी काढल्यासारखी होईल, या भीतीने त्याची जीभ उचलली नाही. शेवटी मागाच्या जागी हॉल असं लिहून तो मोकळा झाला. बोळीकडच्या भिंतीला न्हाणी आणि जिना आले, म्हणजे तिकडे एक मोठी खिडकीदेखील नाही.

सही घ्यायला तो नकाशा घेऊन त्यांच्या घरी गेला. हेमराजने न पाहताच सही केली. देवकाबाईने चहा ठेवला आणि कागदावरच्या दोन जवळजवळच्या रेघांवर बोट ठेवून विचारलं, यातली आपली भीत कोणती. टेकचंद म्हणाला, ही अर्जदाराची, ही लगतच्या मालकाची. देवकाबाईने कप उचलले आणि ती आत गेली. पुन्हा संधी आली होती आणि पुन्हा या गृहस्थाने ती नकाशाच्या भाषेत घालवली. असल्या माणसाला काय म्हणावं?

फाईल एकाही त्रुटीवाचून मंजूर झाली. परवानगीच्या मागे छापलेल्या अटींमध्ये एक अट होती, बाजूची मोकळी जागा कायम मोकळी ठेवावी, तिच्यावर छत घालू नये. टेकचंदने ती शेकडो वेळा गिऱ्हाइकांना वाचून दाखवली होती. या वेळी त्याने वाचली नाही, नुसता कागद हेमराजच्या हातात दिला.

हेमराजची माणसं बांधकाम होईपर्यंत बाजारापलीकडे भाड्याने राहायला गेली. घर पाडायला दोन दिवस पुरले. माती, कवेलू, सडकी लाकडं ट्रॅक्टरने गेली आणि मधली भिंत एकट्या टेकचंदची होऊन उभी राहिली. तिकडच्या अंगाला जुना निळा रंग, देव्हाऱ्याच्या कोनाड्याची काळी खूण, खुंट्यांची भोकं, हे सगळं उघड्यावर आलं. कुंदन सज्जन मुलगा. काकांच्या घरात पाऊस जाऊ नये म्हणून त्याने स्वतःचा गवंडी पाठवून वरची फट विटांनी बुजवून दिली आणि भिंतीला बाहेरून सिमेंट मारून दिलं. टेकचंदने त्याचे आभार मानले. गवंड्याने शेवटची वीट बसवली तेव्हा हा आत टेबलाशी बसला होता. बाहेर रस्त्यावर लोक बोलत होते, पण घरात एकदम असं झालं की त्याने आपलाच श्वास ऐकला.

नंतरचे महिने त्याने कसे काढले ते त्यालाच माहीत. कामाला तोटा नव्हता; लोक येत, बसत, जात. पण ते गेल्यावर दार लावलं की घर अंगावर यायचं. पेन्सिल हातात घेऊन तो उगाच थांबायचा आणि कशासाठी थांबलो हे कळायला त्याला वेळ लागायचा. रेडिओ लावून पाहिला. रेडिओवर कुणी अडखळत नाही, कुणी कडाडत नाही, तो त्याने बंद केला. रंजिताने फोनवर विचारलं, बाबा, आवाज असा काहून झाला? सर्दी आहे म्हणाला. बायको गेली तेव्हाही तो एवढा एकटा पडला नव्हता. तेव्हा निदान भिंत बोलत होती.

नवं घर झालं. हेमराजचं कुटुंब परत आलं, वास्तूचं जेवण झालं, टेकचंद पंगतीत जेवून आला. घर देखणं होतं. सिमेंटच्या भिंती, स्लॅब, ॲल्युमिनियमच्या खिडक्या. आणि त्या घरातून टेकचंदच्या घरात एक शब्द येत नव्हता.

भोगवट्याच्या दाखल्यासाठी शेवटचं एक काम उरतं. घर नकाशाप्रमाणे बांधलं की नाही ते जागेवर जाऊन मोजायचं आणि तसं लिहून द्यायचं. एका सकाळी टेकचंद टेप घेऊन गेला. कुंदन कामावर, दामिनी गुड्डीला शाळेत पोचवायला गेलेली, हेमराजचे गुडघे धरलेले. टेपचं दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, म्हणून देवकाबाई पदर खोचून आली. घरातली मापं झाली. उरली बोळ.

दोघं बोळीत शिरले. एका बाजूला नवी पांढरी भिंत, दुसऱ्या बाजूला टेकचंदची, सिमेंट मारलेली. देवकाबाईने टेपचं टोक आपल्या भिंतीला टेकवून धरलं, टेकचंद दुसऱ्या भिंतीशी वाकला. ती म्हणाली, "एवढी जागा कायले सोडाले लावली, भाऊ? यायचा माग इकून टाकला ना."

हेमराजने माग विकला हे टेकचंदला माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, माग मागच्या पडवीत वगैरे गेला असेल. तो म्हणाला की जागा सोडा असं हेमराजनेच सांगितलं.

"मंग काय सांगतीन? तुमी म्हटलं, शेजाऱ्याची संमती. यायले वाटलं, टेकचंदभाऊले आपला गलबला नोको झाला. पोरगी वरडते, माग वाजते, शांत माणसाले तरास होत असन. आमी तं घरात हळू बोलाले लागलो होतो."

टेकचंद टेप धरून तसाच वाकलेला राहिला. मग म्हणाला, "वैनी, मले काईच तरास नव्हता. मले तं तेवढंच होतं."

मग देवकाबाईने सांगितलं, आता हे रोज सकाळी विचारतात, टेकचंदभाऊ उठला असन का. पहिले फटीतून समजत होतं. रविवारी तो पोरीला फोनवर जेवलो म्हणून सांगायचा तेही इकडे ऐकू यायचं, आणि त्या दिवशी त्याच्या घरात भांडं वाजलेलं नसायचं. मग ती दामिनीच्या हाती वाटीभर भाजी पाठवायची आणि जास्त झाली म्हणून सांगायला लावायची. तो खोटं बोलतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गुड्डीलासुद्धा. आता ऐकूच येत नाही, म्हणून भाजी कोणत्या दिवशी पाठवायची ते कळत नाही.

टेकचंदने ते सगळं ऐकून घेतलं. त्या वाट्या उरलेल्या भाजीच्या होत्या असं तो इतकी वर्षं धरून चालला होता आणि धुऊन, पुसून, आभार मानून परत करत आला होता. त्याने मान वर करून पाहिलं. वर दोन भिंतींच्या मधे आभाळाची सरळ पट्टी होती, त्याने काढली होती तशीच. त्याचे डोळे चुरचुरले, आणि इथे अमोनिया कुठेच नव्हता.

"तुमी एक बार म्हणाचं होतं ना, भाऊ," देवकाबाई म्हणाली.

"मले वाटलं, हेमराजभाऊ मांगतीन."

"ते तं मांगालेच आलते."

टेकचंदने खाली पाहून टेपवरचा आकडा वाचला. नकाशात होता तोच होता, तसूभरही फरक नाही. एका हाताने गुडघ्यावर कागद धरून त्याने तो लिहून घेतला. देवकाबाईचा हात भिंतीला टेप दाबून दाबून अवघडला होता.

"झालं का, भाऊ? सोडू?"

"नाई झालं," टेकचंद म्हणाला. "धरून ठेवा थोडं."